गणितातल्या हुशार मुलांना घाई नको, खोली हवी

शिक्षकांचे उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधीच उत्तर सांगणारे एखादे मूल बऱ्याच वर्गांत असते. उरलेल्या तासात त्याला काही काम नसते. मग ते शेजाऱ्याशी बोलते, खिडकीबाहेर बघत बसते आणि ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार घरी येते. पालकांना सुचणारा उपाय बहुधा ठरलेला असतो: पुढच्या इयत्तेचे पुस्तक, नाहीतर क्लास. वाशीपासून खारघरपर्यंत शाळकरी मुलांसाठी ‘जेईई फाउंडेशन’चे फलक जागोजागी दिसतात.

अशा मुलांसाठी शिक्षणशास्त्र दोन वाटा सांगते. अभ्यासक्रम वेगाने पुढे नेणे ही एक. आहे त्याच विषयात खोलवर उतरणे, म्हणजे समृद्धीकरण, ही दुसरी. पहिल्या वाटेचाही उपयोग आहे. पण नुसता वेग वाढवला तर मूल सूत्रे लवकर शिकते. ती खरी का, हे विचारण्याची सवय मात्र राहून जाते. प्रत्येक उत्तर चटकन येणाऱ्या मुलाला अडण्याचा अनुभवच नसतो. पुढे खरोखर अवघड प्रश्न समोर आला की ते गोंधळते.

समृद्धीकरणाचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच सापडतो. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी दाखवलेला खेळ असा: तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२ घेतल्यास ५३२ − २३५ = २९७, मग ९७२ − २७९ = ६९३, ९६३ − ३६९ = ५९४ आणि ९५४ − ४५९ = ४९५. पुढे ४९५च येत राहते. चार अंकी संख्यांत हा मान ६१७४ला आहे. तो ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखला जातो.

इथपर्यंत ही गंमत झाली. ‘नेहमी असेच का होते?’ असे विचारले की गणित सुरू होते. वजाबाकीत मधला अंक निघून जातो. उरतो तो सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, ९९ पट होऊन. म्हणजे पहिले उत्तर ०९९, १९८, २९७ अशा नऊ संख्यांपैकीच एक असणार. तेवढ्या नऊ तपासल्या की सर्व ८९१ संख्यांची खात्री पटते. सातवीतले मूल हे स्वतः सिद्ध करू शकते. साहित्य म्हणाल तर कागद आणि पेन्सिल.

नवी मुंबईकरांना खाडी ओलांडताच, मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये सुरू झालेले टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र देशातील विज्ञान व गणित ऑलिम्पियाडचे काम पाहते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये भारत १९८९ पासून भाग घेतो. १९९६ ची स्पर्धा मुंबईतच झाली. तिथे रोज साडेचार तासांत तीन, असे दोन दिवसांत सहा प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. पाठांतर किंवा झटपट आकडेमोड तिथे फारशी कामी येत नाही.

स्पर्धेला बसायचे नसले तरी घरी काही गोष्टी जमण्यासारख्या आहेत:

- आठवड्याला एकच प्रश्न द्या आणि तो काही दिवस अनुत्तरित राहू द्या.
- उत्तर बरोबर आले तरी ‘कशावरून?’ असे विचारा.
- लवकर काम संपवल्याबद्दल तशीच आणखी वीस गणिते देऊ नका. ती मुलाला शिक्षा वाटते.
- प्रश्नात बदल करून मुलालाच नवा प्रश्न तयार करू द्या.

सुरुवात आजही करता येईल. दोन अंकी संख्यांवर कापरेकरांचा हाच खेळ खेळून बघा. तिथे गाडी एका संख्येवर थांबत नाही. मग काय होते, ते मुलांनाच शोधू द्या.