पिंपरीची मर्सिडीज आणि तिचं रबर

मर्सिडीजच्या जुन्या डिझेल इंजिनांविषयी बोलताना माणसं हात आखडता घेत नाहीत. पाच लाख किलोमीटर झाले, अजून हेड खोललेलं नाही. पत्रा संपेल पण इंजिन संपणार नाही. यातलं पुष्कळसं खरं आहे. माझ्याकडे ई २५० डी आहे, पाच सिलिंडरची, अडीच लिटरची. तिच्या इंजिनातल्या लोखंडाने मला कधी रस्त्यात अडवलं नाही. जे फाटलं, गळलं, कडक झालं ते बहुतेक रबर होतं, नाहीतर प्लॅस्टिक. जुनी आलिशान गाडी भरवशाची ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचं निम्म्याहून अधिक उत्तर मला तिथेच सापडलं.

या गाडीचं कारखान्यातलं नाव डब्ल्यू १२४. जर्मनीत ती १९८४च्या अखेरीस आली. ब्रुनो साको तेव्हा डिझाइनचे प्रमुख होते. पुढच्या काचेवर एकच वायपर, आणि तो नुसता अर्धवर्तुळ फिरत नाही. फिरता फिरता लांब-आखूड होत काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो. आपल्याकडे ही गाडी १९९५ मध्ये तयार होऊ लागली, तीही पुण्यात. टेल्कोबरोबरच्या भागीदारीत पिंपरीच्या आवारात तिची जोडणी सुरू झाली; चाकणचा कारखाना पुढे २००९ मध्ये आला. जर्मनीत मात्र १९९५ मध्येच तिची जागा पुढच्या मॉडेलने घेतली. आपल्याला उतरत्या काळातली गाडी मिळाली, असं तेव्हा म्हटलं गेलं. सांभाळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मला हे भाग्यच वाटतं. दहा वर्षांच्या बारीकसारीक दुरुस्त्या पचवून झालेली गाडी पिंपरीत आली.

आत बसल्यावर जे सुख वाटतं ते कुठून येतं, हे खाली शिरल्याशिवाय कळत नाही. मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळे आर्म धरून आहेत. आर्मच्या टोकांना रबरी बुश. ते सगळे ज्या सबफ्रेमला जोडलेले, ती सबफ्रेम बॉडीला चार मोठ्या रबरी माउंटवर लटकवलेली. डिफरन्शियल रबरावर. इंजिन ज्या माउंटवर बसतं, त्यांच्यात द्रव भरलेला. गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्टसुद्धा थेट पोलादाला पोलाद जोडून जात नाही. पुढे एक आणि मागे एक अशा दोन जाड रबरी डिस्कमधून जातो, आणि मधल्या बेअरिंगलाही रबराचंच कोंदण आहे. खड्ड्यातून गेलं की जो भारदस्त, दबलेला आवाज येतो, तो या सगळ्या रबराने मिळून केलेला असतो. हे रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. ‘गाडी फार चाललेलीच नाही, नुसती उभी होती’ असं विकणारा अभिमानाने सांगतो, तेव्हा मला काळजीच वाटते. तीस वर्षं पुण्याच्या उन्हाळ्यात उभं राहिलेलं रबर वापरलेल्या रबरापेक्षा बरं असतं असं नाही.

म्हणून आमच्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडलंच नाही. गाडी रॅम्पवर घेतली, हातात बॅटरी आणि एक लांब पहार. पहार आर्म आणि फ्रेमच्या मध्ये घालून ते हलकेच दाबत. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. गेलेला बुश ‘टक’ असा आवाज करतो. पुढच्या लोअर आर्मचे बुश चिरलेले होते, चिरेत नख जात होतं. “साहेब, इंजिन नंतर बघू. आधी गाडीला पाय द्या,” ते म्हणाले.

हे काम मी जवळून पाहिलं आणि त्यातली एक गोष्ट मला प्रत्येक मालकाला सांगाविशी वाटते. आर्म आत ज्या बोल्टवर बसतो, ते बोल्ट या गाडीत एक्सेंट्रिक आहेत. ते फिरवूनच चाकाचा कॅम्बर आणि कॅस्टर साधतात. त्यामुळे सैल करण्याआधी मिस्त्रींनी बोल्टच्या डोक्याशी पांढऱ्या रंगाची रेघ मारली. स्प्रिंग कंप्रेसरने आवळून काढली. इथे घाई केली तर स्प्रिंग माणसाचा जीव घेऊ शकते, म्हणून हेल्परला लांब उभं केलं. जुने बुश प्रेसवर दाबून बाहेर काढले, नवे बसवले. स्प्रिंगच्या वर रबराची एक पॅड असते, तिच्यावर एक ते चार गाठी असतात. एका गाठीची पॅड सगळ्यात पातळ, चारची सगळ्यात जाड, आणि प्रत्येक गाठीमागे साधारण ५ मिलिमीटरचा फरक. गाडी एका बाजूला कललेली दिसत असेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी या गाठी मोजाव्यात. कुणीतरी मधल्या काळात डावी-उजवी वेगवेगळी पॅड घातलेली असते.

मग खरी गोष्ट. सगळं जागेवर बसलं, बोल्ट हाताने घातले, पण मिस्त्रींनी ते आवळले नाहीत. चाकं लावली, गाडी खाली उतरवली, पुढून दाबून हलवली, थोडी मागेपुढे ढकलली. मग ती खड्ड्यावर घेतली आणि चाकांवर पूर्ण वजन असताना खालून टॉर्क रेंचने बोल्ट आवळले. कारण असं आहे की या बुशमध्ये रबर फिरत नाही, पिळलं जातं. बाहेरची बाजू आर्मला घट्ट, आतली नळी बोल्टने फ्रेमला घट्ट, आणि आर्म वर-खाली होईल तसा मधल्या रबराला पीळ बसतो. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी सपाट रस्त्यावर शांत उभी असली तरी ते ओढलेलंच. असा बुश लवकर फाटतो, आणि फाटेपर्यंत गाडी उंच आणि कडक चालते. ‘नवे पार्ट घातले तरी पहिल्यासारखी चालत नाही’ ही जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ पुष्कळदा पार्टमध्ये नसून या आवळण्यात असतं. पार्ट विकत मिळतो. वजन चाकांवर येईपर्यंत थांबण्याची सवय फक्त माणसात असते, म्हणून मी गॅरेज निवडताना मशिनं पाहत नाही, बोल्ट कधी आवळता ते विचारतो.

रबराचाच दुसरा संसार व्हॅक्यूमचा. या गाडीत ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर, दरवाजांची कुलपं व्हॅक्यूमवर (त्यांचा वेगळा छोटा पंप मागच्या सीटखाली), आणि डिझेल इंजिन बंद करणंसुद्धा व्हॅक्यूमवर. डिझेलला स्पार्क नसतो. तेव्हा चावी फिरवली की व्हॅक्यूम डिझेल पंपाकडे जातो आणि डिझेलचा पुरवठा थांबतो. बारीक नळ्यांच्या टोकांना रबरी जोड असतात. एक जोड सैल पडला की चावी हातात येते आणि इंजिन आपलं चालूच! घाबरायचं कारण नाही. पंपापाशी ‘स्टॉप’ लिहिलेला लिव्हर असतो, तो दाबला की इंजिन थांबतं. पण मग गळती शोधावी लागते, आणि ती कुलपाच्या बाजूलाही असू शकते, इंजिनच्या बाजूलाही. हातपंपाचा गेज लावून एकेक फाटा बंद करत जायचं. काटा जिथे स्थिर राहत नाही तिथे गळती. जोड काही रुपयांचा असतो, शोधण्यात अख्खी दुपार जाते. या दुपारची मजुरी द्यायला कुरकुर करणाऱ्याने अशी गाडी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिनकडे वळायचं तर सर्वांत नाजूक काम हीटर प्लगचं. थंडीतल्या सकाळी सुरू होताना इंजिन थरथरतं, मागून पांढरा धूर येतो, एक सिलिंडर काही सेकंद उशिरा जागा होतो. मल्टिमीटर लावला की मेलेला प्लग लगेच कळतो. चांगल्याचा रोध एक ओहमपेक्षाही कमी, मेलेला प्लग करंट जाऊच देत नाही. ओळखणं इतकं सोपं. काढणं मात्र कठीण, कारण या वीस व्हॉल्व्हच्या इंजिनात प्लग इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेले आहेत. शिवाय प्लगचं टोक जिथे ज्वलन सुरू होतं त्या प्रीचेंबरमध्ये जातं, तिथे वर्षानुवर्षं कार्बन साचून ते चिणून बसतं. जोर केला तर प्लग मधोमध तुटतो, आणि तुटलेलं टोक काढण्यासाठी हेड उतरवायची पाळी येते.

मिस्त्रींनी आधी मॅनिफोल्ड काढून प्रत्येक प्लगच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडलं आणि मॅनिफोल्ड परत लावून मला गाडी घेऊन जायला सांगितलं. चालवा, तापू दे, गार होऊ दे, परत आणा. परत तेल. असं होत होत एक दिवस इंजिन तापलेलं असतानाच त्यांनी छोटा रॅचेट हातात घेतला. मोठा दांडा मुद्दामच घ्यायचा नाही, म्हणजे जोर करायचा मोहच होत नाही. अगदी थोडं सोडवायचं, परत आवळायचं, तेल, परत थोडं. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगने ‘करकर’ असा कोरडा आवाज केला तेव्हा त्यांनी हात लगेच काढून घेतला. “आज नाही. ह्याला उद्या बघू,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो सुटला. टोकाला कोळशाची जाड टोपी होती. नवे प्लग लगेच घातले नाहीत. आधी ग्रीस लावलेला रीमर हाताने फिरवून भोकातला कार्बन काढला. ग्रीसमुळे कार्बनचे कण चिकटून वर येतात, आत पडत नाहीत. तो रीमर बाहेर आला की चिंधीने पुसायचा आणि परत आत. पाचही भोकं अशी साफ झाल्यावरच नव्या प्लगांची खोकी उघडली.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ब्लॉक लोखंडी पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी एकदाही तापू द्यायची नाही. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची मान जुनी झाली की एक दिवस अचानक तुटते. ती तुटण्याआधी रेडिएटर बदलावा. बोअरचं पाणी कधीही घालू नये, निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. एसीचा इव्हॅपरेटर गळला तर सगळा डॅशबोर्ड काढावा लागतो, तेव्हा त्याच कामात डॅशच्या मागचं जे जे जुनं असेल ते बदलून घ्यावं. पेट्रोलची ई २२० घेणाऱ्याने आणखी एक पाहावं: १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजच्या इंजिन वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. वायर हलकेच वाकवली आणि आवरणाचे तुकडे हातात आले, तर अख्खं हार्नेस बदलणं आलं.

पार्टचा प्रश्न वेगळा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे खूप काही मिळतं, पण रबरी पार्ट तिथून घेताना मी खोक्यावर नव्हे, पार्टवर छापलेली तारीख वाचतो. दहा वर्षं दुकानाच्या फळीवर पडलेला बुश नवा म्हणवतो, नवा असत नाही. जर्मन पुरवठादारांच्या काही पार्टवर मर्सिडीजचा तारा घासून काढलेला दिसतो. हा कमी प्रतीचा माल नव्हे. जो कंपनीला पुरवतात तोच स्वतःच्या नावाने स्वस्तात विकताना त्यांना तारा ठेवता येत नाही. उलट तारा छापलेलं चकचकीत खोकं पाहून फसलेले पुष्कळ. अशी गाडी आज नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी किमतीत मिळते. तिची किंमत उतरली, पण तिच्या पार्टची उतरलेली नाही. घेणाऱ्याने गाडीच्या किमतीइतकी रक्कम वेगळी बाजूला ठेवावी आणि पहिल्या वर्षात ती रबरावर संपवावी.

आरटीओच्या दृष्टीने ही तीस वर्षांची गाडी ‘व्हिंटेज’ नाही. त्यासाठी पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर. दिल्लीत डिझेलच्या गाडीला दहा वर्षांची मर्यादा आली, तेव्हा तिकडच्या कितीतरी चांगल्या ई २५० डी कवडीमोलाने निघाल्या.

आता हातात असलेलं काम डिझेल पंपाचं. १९९५ मध्ये आपल्या डिझेलमध्ये गंधक टक्क्याच्या घरात असे. एप्रिल २०२० पासून बीएस ६ इंधनात ते दहा लाखांत दहा भाग इतकं खाली आलं. हवेसाठी हे उत्तमच झालं. पण जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबरी सील नव्या डिझेलमध्ये थोडी आकसतात आणि पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हपाशी ओल दिसू लागते. माझ्या पंपावर ती दिसते आहे. व्हॉल्व्ह सोडवायला तेहतीस दात्यांची खास गोटी लागते. ती, पाच सील आणि पाच तांब्याच्या चकत्या मिस्त्रींकडे पोचल्या आहेत. पंप बाहेरून पूर्ण स्वच्छ आणि कोरडा केल्याशिवाय ते एकही व्हॉल्व्ह उघडणार नाहीत, कारण आत गेलेला धुळीचा एक कण नोझलपर्यंत जातो. आणि पाचही एकदम नाही. एक उघडायचा, सील बदलायचं, बंद करायचा, मगच पुढचा, म्हणजे एकाचे भाग दुसऱ्यात जात नाहीत. पाऊस सुरू होण्याआधीचा एखादा कोरडा, वारा नसलेला दिवस त्यांनी मागून घेतला आहे.