‘आमच्या शाळेत असं कुणी नाही’: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच येतं. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर मुलं शाळाशाळांत असतात, फक्त ती बोलत नाहीत. चालण्याबोलण्यात मऊ असलेल्या मुलाला भर वर्गात ‘बायल्या’ म्हटलं जातं, सरही हसतात, मग मागच्या बाकावरचं दुसरं मूल तोंड कशाला उघडेल? तमिळनाडूतल्या अशा तरुणांचा युनेस्कोने केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी जवळपास 60 टक्के जणांनी माध्यमिक शाळेच्या वयात शारीरिक छळ सोसला होता. शाळेकडे तक्रार मात्र फार थोड्यांनी केली.

म्हणून ‘असं’ कोण आहे हे शोधत बसण्याची गरज नाही. चिडवणं थांबवायला एवढंच दिसलं तरी पुरे की कुणाला तरी चिडवलं जातंय. हा त्रास जे समलिंगी नाहीत अशा मुलांनाही होतो. आवाज बारीक असला किंवा क्रिकेटपेक्षा नाच आवडला, एवढं कारण पुरतं.

‘हा आजार आहे, डॉक्टरांकडे नेलं की बरा होईल’ हा समज जुना आणि फार महागात पडणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता 1990 मध्येच आजारांच्या यादीतून काढली. ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांत मोडत नाही, हे तिच्या 2019 मध्ये स्वीकारलेल्या नव्या वर्गीकरणाने स्पष्ट केलं. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचीही भूमिका हीच आहे. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. समुपदेशन उपयोगी पडतं, पण ते छळामुळे आलेली भीती आणि एकटेपणा हलका करण्यासाठी. कल बदलण्यासाठी नव्हे.

‘वर्गात बोललं तर मुलं तशीच होतील.’ आपल्या पाठ्यपुस्तकांत, सिनेमांत, घरच्या लग्नकार्यांत मुलगा-मुलगी हीच जोडी दिसते. हे सगळं पाहत वाढलेली काही मुलं तरीही समलिंगी असतातच. पाहून-ऐकून कल घडत असता तर असं झालं नसतं. एनसीईआरटीने 2021 मध्ये ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशासाठी शिक्षकांकरता एक पुस्तिका काढली होती. स्वच्छतागृहं, गणवेश, वर्गातली भाषा अशा रोजच्या गोष्टींचा तिच्यात विचार होता. आक्षेप आल्यावर ती थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून काढली गेली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नेमकं काय करायचं हे शिक्षकांना सांगणारं आपल्याकडे फारसं काही नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एखादी विद्यार्थिनी विश्वासाने बाईंना काही सांगते, आणि त्याच संध्याकाळी बाई तिच्या आईला फोन करतात. ‘पालकांना कळवणं हे माझं कर्तव्यच,’ असं त्यांना मनापासून वाटतं. पण मुलाचा कल घरी कळवलाच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. पोक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक केलं आहे आणि अत्याचार मुलावर झाला असो वा मुलीवर, हा कायदा दोघांनाही लागू आहे. मात्र मुलीला मुलगी आवडणं हा गुन्हा नव्हे. घरी कळल्यावर मारहाण, शाळा बंद, घाईने ठरवलेलं लग्न, यातलं काहीही होऊ शकतं. तेव्हा आधी तिलाच विचारावं: घरी कुणाला माहीत आहे? कुणाला सांगितलेलं चालेल? जिवाला धोका दिसला तर मोठ्यांची मदत घ्यावीच लागते. पण तेव्हाही ‘ती फार खचली आहे, तिला एकटं सोडू नका’ एवढं सांगता येतं. बाकीचं कधी सांगायचं ते तिला ठरवू द्यावं.

ट्रेव्हर प्रोजेक्ट या अमेरिकी संस्थेला तिथल्या तरुणांत असं आढळलं की, आपल्याला स्वीकारणारी निदान एक मोठी व्यक्ती असलेल्यांत आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण 40 टक्क्यांनी कमी होतं. तो देश वेगळा आहे, हे खरं. पण अशी एक व्यक्ती आपल्याकडेही एखाद्या शिक्षकाला होता येईल.

‘कायदा याबाबत काही म्हणत नाही’ हेही चूक. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या 2019 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतल्या भेदभावाला मनाई केली आणि शिक्षण, खेळ, करमणूक यांत समान संधी देण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलांचा मानसिक छळही निषिद्ध आहे. शिक्षकाने वर्गात मुलाच्या चालण्याची नक्कल करणं मला तरी त्याच कलमात बसणारं वाटतं.

मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416. दोन्ही क्रमांक मोफत आहेत. शाळेच्या फलकावर ते मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि शेजारी, विश्वासाने बोलता येईल अशा एका शिक्षकाचं नावही.