बोटीचं बूड आणि हिरवट फळी

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित अवतार, हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी खास.

मी मिनेसोटात राहतो. इथे १०,००० हून जास्त तळी आहेत, त्यामुळे जुनी बोट घेणं म्हणजे आपल्याकडे सेकंडहँड स्कूटर घेण्यासारखं. माझी १६ फुटी आहे, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडलेली. ट्रेलरवर ती दोन लांब फळ्यांवर बसते. त्यांना बंक म्हणतात.

गेल्या जूनमध्ये बाबा नाशिकहून आले होते. तळ्याच्या मध्यावर ते शांतपणे म्हणाले, "अरे, माझे मोजे ओले झालेत." खाली बघतो तर घोट्यापर्यंत पाणी! बाबांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट होतं अंगात, पण किनाऱ्यापर्यंतची ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

मला वाटलं, खाली दगड लागला असेल. मित्राच्या मदतीने बोट ट्रेलरवरून उचलली तर दगडाचा पत्ताच नाही. बंक जिथे टेकत होते, बरोब्बर त्याच दोन पट्ट्यांत पांढरी भुकटी आणि सुईच्या टोकाएवढी भोकं. आणि ते बंक दोन वर्षांपूर्वी मीच बदलले होते. म्हणजे बग माझाच.

काय झालं माहितीये? मी दुकानातून बाहेर वापरायचं, न कुजणारं लाकूड आणलं होतं. जरा हिरवट दिसतं ते. हिरवट का, तर त्यात तांब्याचे क्षार मुरवलेले असतात. बारावीची केमिस्ट्री आठवा: तांबं अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियम उणे १.६६. लाकूड ओलं झालं की तांब्याचे आयन पत्र्यावर येऊन बसतात आणि तिथे एक छोटी बॅटरी सुरू होते. त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम.

तळ्यावरचे जुने लोक मात्र म्हणतात, "आम्ही वर्षानुवर्षं हेच लाकूड वापरलं." खरं आहे त्यांचं. पण २००४ च्या सुमारास अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकवालं रसायन गेलं आणि त्याच्या जागी तांबं जास्त असलेली रसायनं आली. डॉक्युमेंटेशन जुनं, लायब्ररी नवी. आपल्या धंद्यात रोजचंच.

त्यात भर कार्पेटची. बंकवर कार्पेट लावतात, ओरखडे पडू नयेत म्हणून. पण ते स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं चिलखत. ओल्या कार्पेटखाली हवा पोचत नाही, त्यामुळे तो थर दुरुस्त होत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मुरलं तर विचारूच नका.

मग केलं काय? भुकटी खरवडली, भोकं इपॉक्सीने बुजवली. नवे बंक साध्या, रसायन न मुरवलेल्या लाकडाचे, व्हार्निशचे चार हात देऊन. कार्पेट नाहीच, वर जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. स्क्रू स्टेनलेसचे, पण डोकी खोल बसवलेली, कारण स्टेनलेस पत्र्याला टेकलं तरी हीच बॅटरी सुरू होते.

जागाही बदलली. बंक रिव्हेटांच्या रांगेखाली आला की बोटीचं वजन त्यांच्या डोक्यांवर येतं. मग प्रत्येक खड्ड्यात ती थोडी थोडी सैल होतात. माझी दोन झाली होती, ती पुन्हा ठोकून घ्यावी लागली. बंक आतल्या आडव्या फासळ्यांना आधार देईल असा हवा आणि मागे थेट इंजिन लटकतं त्या भिंतीपर्यंत पोचायला हवा. नाहीतर इंजिनच्या वजनाने बूड वाकतं. मागून दोन पट्टे आवळून बांधले की बोट उडी मारत नाही.

आणि बुचाचं विसरू नका. तळ्यावरून निघताना बूच काढून पाणी सोडणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे, तळ्यातले नको ते जीव दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून. पाणी गेलं की बोट हलकी होते, बंकवरचा भारही कमी होतो.

प्लास्टिकचा एक तोटा मात्र आहे. ते इतकं गुळगुळीत असतं की बोट पाण्यात जायच्या आधी पुढचा विंचचा पट्टा सोडलात, तर ती सरळ काँक्रीटवर. माझी एकदा अर्ध्यावर सरकली होती. बाबा आता दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर आधी तेच विचारतात, "पट्टा लावलायस ना?"