आवतन आणि पाऊल

लग्न पार पडलं, की देवीचा गोंधळ घालायचा, हा आमच्या पाथरी भागातल्या अनेक घरांचा कुळाचार. जेवणं उरकली, की गोंधळी वसरीत चौक भरायला बसतात. पाटावर नवा खण, त्यावर तांदूळ, मधोमध कलश, भोवती नागवेलीची पानं, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका. वर पाच उसांचा मांडव. ऊस नसेल तर जोंधळ्याची धाटं. बुधलीतलं तेल घालून दिवटी पाजळली, की संबळावर पहिली काठी पडते.

संबळ कमरेला बांधलेला. शेजारी शेजारी दोन तोंडं, एकाचा आवाज बारीक नि कडक, दुसऱ्याचा घुमणारा. दोन काठ्यांतली एक टोकाशी वाकडी. मी संबळवाल्याच्या बाजूला बसतो, कारण नाच त्याच्या मनगटातून सुरू होतो. मुख्य गोंधळी पायघोळ झग्यात, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. तो गिरकी घेतो, झग्याचा घेर फुगतो, आणि गिरकी पुरी व्हायच्या आत संबळ लय दुप्पट करतो. मागे तुणतुणं एका तारेवर सूर धरून असतं.

सगळ्यात देखणा भाग आवतनाचा. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेका देवाला त्याच्या ठाण्यासह बोलावणं जातं. नाव घेतलं की पाऊल पुढं, हात वर. मागून साथ देणाऱ्या झीलकऱ्यांनी साद उचलली की पाऊल मागं. पुढं आख्यान रंगतं, लोक हसतात, डोळेही पुसतात. पण नाचाचा जीव मला या आवतनातच दिसतो.

परशुरामानं बेटासुराला मारलं, त्याच्या मस्तकाचं नि शिरांचं वाद्य केलं आणि ते रेणुकामातेपुढं वाजवलं, अशी गोंधळाच्या उगमाची गोंधळ्यांची कथा. ग्रंथांतला धागा वेगळा आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त गोंडली नृत्य येतं, आणि संशोधक रा. चिं. ढेरे यांनी गोंधळाचं नातं त्याच्याशी जोडलं. आवतनाची रीत मात्र आपल्यापुरतीच नाही. दक्षिण थायलंडच्या नोरा नृत्यनाट्याला २०२१ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथंही आधी पूर्वज-गुरूंना लांबलचक आवाहन, मग नाच. देवाला किंवा गुरूला बोलावल्याशिवाय पाय उचलायचा नाही, ही रीत इतक्या दूरवर भेटते याचा मला फार आनंद होतो.

आमच्याच जिल्ह्यातले गोंधळी राजारामभाऊ कदम यांनी गोंधळ मोठ्या रंगमंचावर नेला, हे मोठंच काम. पण मंचावर वेळ मोजका, आणि कात्री आधी आवतनालाच लागते. वसरीत तसं होत नाही. गोंधळी यजमानाला कुळदैवत विचारतो, गावदेव विचारतो, घरातल्या म्हाताऱ्या बाईला आणखी कुणाचं नाव राहिलं का ते विचारतो. ती सांगते. ते नाव आवतनात जातं, आणि त्या नावासाठीही एक पाऊल पुढं पडतं.