बी आपले, औषध कोणाचे?

‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानाच्या व्यासपीठापासून कचेरीतील मधल्या सुट्टीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यात तथ्य मुळीच नसते असे नाही. परंतु एखादी वनस्पती ठाऊक असणे आणि औषध हाती असणे यांत अंतर किती, आणि ते तोडण्याचा खर्च कोण करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कंपवातावरील औषधाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. हात थरथरतात, स्नायू ताठरतात, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते. पुष्कळदा बुद्धी शाबूत असते आणि सदऱ्याची गुंडी मात्र लावता येत नाही. आयुर्वेदालाही कंपवात परिचित होता आणि वातव्याधींवर कपिकच्छू, म्हणजे आपली खाजकुइली, सांगितलेली होती. लेव्होडोपा हे द्रव्य १९१३ साली बाझेलमध्ये मार्कुस गुगेनहाइम यांनी एका शेंगवर्गीय बीपासून वेगळे केले होते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून काढले. रोग ठाऊक होता, द्रव्यही सापडले होते; पण दोहोंना जोडणारा दुवा जगात कोणापाशीच नव्हता.

तो दुवा सापडण्यास आणखी एक भारतीय वनस्पती कारणीभूत झाली, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचे आपले निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य अलग केले. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनमध्ये अर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांना डोपा टोचले, तेव्हा ते ससे थोड्याच वेळात हालचाल करू लागले. हे १९५७ साल. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचा हालचालींशी संबंध आहे, हे त्यातून उमगले. १९६० साली व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून तेथे डोपामिनचाच तुटवडा असल्याचे दाखवले.

मग डोपामिनच का देऊ नये? कारण रक्त आणि मेंदू यांमधील पडदा ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र तो ओलांडते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. तरीही अडचणी संपल्या नाहीत. डोपाचे रेणू डाव्या आणि उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात. उपयोगी पडतो तो डावा. न्यूयॉर्कजवळील ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांना चालते केले, पण त्यांच्या पहिल्या चाचणीतील औषध दोन्ही प्रकारांचे मिश्रण होते आणि काहींच्या रक्तावर त्याचा अनिष्ट परिणाम झाला. नुसता डावा रेणू कारखान्यात बनविण्याची रीत विल्यम नोल्स यांनी मोन्सॅन्टो कंपनीत शोधली. त्या कार्याबद्दल त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दुसरी अडचण अशी, की लेव्होडोपाचा बहुतांश भाग मेंदूत पोहोचण्यापूर्वीच शरीरात खर्ची पडतो आणि मळमळ सुरू होते. त्यावर कार्बिडोपाची जोड निघाली. हा सोबती स्वतः मेंदूत शिरत नाही, पण वाटेतली गळती थांबवतो. त्यामुळे लेव्होडोपाची मात्रा सुमारे पाऊण हिश्शाने कमी करता येते.

या साखळीत खाजकुइली आणि सर्पगंधा या कच्च्या मालाच्या जागी आहेत. मोल निर्माण झाले ते मधल्या श्रमांत. त्यातील निर्णायक पावले विद्यापीठांत आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांत पडली, हेही लक्षात घेतले पाहिजे. सशांच्या प्रयोगातून नफा होईल, असे कोणत्या सावकाराने मानले असते?

भारताने आपल्या परीने एक मोठी गोष्ट साधली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या रीतीवरच पेटंट मान्य केले. त्यातून देशी औषधउद्योग उभा राहिला आणि २००५ साली उत्पादनाचे पेटंट पुन्हा आले तोवर तो पुरता सबळ झाला होता. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी आज देशातच बनते आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिला स्थान आहे. परंतु सापडलेले औषध स्वस्तात बनविणे वेगळे आणि न सापडलेले शोधणे वेगळे. संशोधनावरील आपला खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान आणि हा आकडा यांचा मेळ कसा घालायचा?

अभिमानाचा एक उपद्रवही आहे. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. डॉक्टरांच्या गोळीबरोबर परस्पर कवचबीजाचे चूर्ण घेणारा रुग्ण मात्रेचा जुगार खेळत असतो. औषधाला औषधपण येते ते मोजमापाने, हेच तर या इतिहासाचे सार आहे.

शिवाय काम संपलेले नाही. लेव्होडोपा लक्षणे आवरते, रोग थांबवत नाही. काही वर्षांनी तिचा परिणाम कमी-अधिक होऊ लागतो आणि अंगाला नको त्या हालचाली जडतात. रोगाची वाट अडवणारे सिद्ध औषध अद्याप जगात कोठेही नाही. म्हणजे पुढचा दुवा शोधण्याची संधी सर्वांना सारखीच खुली आहे. ती घ्यायची, की तो दुसऱ्या कोणी शोधून काढल्यावर ‘हेही आम्हाला ठाऊकच होते’ असे म्हणायचे, याचा निर्णय अंदाजपत्रकात आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत व्हायचा आहे.