पदवीनंतर संगणकाचे पुढचे शिक्षण : एम.सी.ए., एम.एस्सी. की एम.टेक.?



ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना हल्ली लागणीच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न आम्हांला विचारला जातो. "साहेब, पोरगी संगणकात पदवीधर झाली, आता नागपूरला पुढं काय शिकवावं?" या निर्णयात मुलांची दोन वर्षे आणि घरची ऊसबिलाची रक्कम गुंतते. म्हणून विषय आमच्या खात्याबाहेरचा असला तरी येथे थोडक्यात मांडत आहोत.

जमीन पाहून आपण बेणे निवडतो, शेजाऱ्याने लावले म्हणून लावत नाही. इथेही तेच. मुलाची मूळ पदवी कोणती आणि त्याला काम कोणते करायचे, हे आधी बघावे.

१) एम.सी.ए. : बी.सी.ए., बी.एस्सी. झालेल्यांची ही नेहमीची वाट. प्रवेश राज्याच्या सीईटीमधून होतो. पूर्वी हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता, २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्याची नोकरी हवी असेल त्याला हा बरा. बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनी गणिताची अट माहितीपुस्तिकेत आधी वाचावी.

२) एम.एस्सी. (संगणकशास्त्र) : हाही दोन वर्षांचा. नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत तो शिकवला जातो. पुढे नेट परीक्षा देऊन महाविद्यालयात शिकवायचे किंवा पीएच.डी. करायची, अशांना हा सोयीचा. मात्र नुसत्या पदवीवर भागत नाही, हाताला प्रत्यक्ष कामाची सवय लागतेच.

३) एम.टेक. : हा मुख्यतः बी.ई., बी.टेक. झालेल्यांसाठी. एम.सी.ए., एम.एस्सी. झालेल्यांनाही काही संस्थांत गेट परीक्षेच्या गुणांवर अर्ज करता येतो. आपल्या नागपुरात व्हीएनआयटी आहे. १९६० साली स्थापन झालेले, जुन्या मंडळींना व्ही.आर.सी.ई. म्हणून माहीत असलेले, तेच हे कॉलेज. तेथे संगणकशास्त्रात एम.टेक. आहे. गेटवर प्रवेश मिळालेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. चोवीस महिन्यांचे ते २,९७,६०० रुपये होतात. गेटशिवाय, स्वखर्चाच्या जागेवर प्रवेश घेतला तर हे विद्यावेतन नाही. म्हणून एक वर्ष थांबून गेटची नीट तयारी करणे पुष्कळदा स्वस्त पडते. गेटचे गुण तीन वर्षे चालतात.

आणि हेही सांगतो, बी.ई. होऊन चांगली नोकरी हाती आली असेल तर लगेच पुढे शिकलेच पाहिजे असे नाही. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कामे चालतात. दोन वर्षे अनुभव घेऊन मग शिकलेलेही अंगी लागते.

कॉलेज निवडताना जाहिरातीतला सर्वांत मोठा पगार पाहून भुलू नका. एखाद्या प्लॉटला एकरी शंभर टन ऊस पडला म्हणून अख्ख्या गटाची सरासरी शंभर होत नाही. विचारायचे ते असे :

— गेल्या वर्षी वर्गात किती मुले होती, त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती?
— कायमचे शिक्षक किती?
— त्याच अभ्यासक्रमाला एनबीएचे मानांकन आहे का?
— फी, वसतिगृह, खानावळ धरून दोन वर्षांचा एकूण खर्च किती?

शक्य तर शेवटच्या वर्षाच्या दोन-चार मुलांना स्वतः भेटावे. मुलगी असो की मुलगा, तिला-त्याला सोबत न्यावे. शिकायचे त्यांनाच आहे.

आता पैशाचे. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात आणि परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गळीत हंगामात असते. तोडणीच्या धांदलीत अर्जाची तारीख चुकता कामा नये. फी भरायची वेळ मात्र पावसाळ्यात येते, तेव्हा उसाचे बिल बी-बियाणे, खतांत संपलेले असते. म्हणून बिल हाती पडताच फीची रक्कम वेगळी काढून ठेवावी. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांच्या अटी महाडीबीटीवर पाहाव्यात आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा. केंद्राच्या पत हमी योजनेत ७.५ लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. त्यासाठी बँकेत आधी विचारावे, सातबारा घेऊन सावकाराच्या दारी जाऊ नये. प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालाला तर एक पैसाही देऊ नये.

थोडक्यात, आधी पदवी आणि आवड, मग गेट किंवा सीईटी, मग कॉलेज आणि नाव सर्वांत शेवटी. या क्रमाने गेलात तर पोरांची दोन वर्षे आणि घरची जमीन, दोन्ही सुरक्षित राहतील.

— ऊस विकास अधिकारी