मंदगती विषाणूचे शीघ्र रूप

'लेंटस' या लॅटिन शब्दाचा अर्थ मंद, संथ. शरीरात शिरल्यावर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे दबा धरून बसणाऱ्या आणि मग सावकाश शरीर पोखरणाऱ्या विषाणूंच्या गटाला 'लेंटिव्हायरस' हे नाव त्यावरूनच मिळाले. आम्हा डॉक्टरांना या कुळातील एकच सदस्य नीट परिचयाचा आहे, तो म्हणजे एचआयव्ही. परंतु या कुळाची पहिली ओळख वैद्यकशास्त्राला माणसामुळे नव्हे, तर जनावरांमुळे झाली. जर्मनीहून १९३३ साली आणलेल्या काराकुल जातीच्या मेंढ्यांबरोबर आइसलंडमध्ये 'मेडी' आणि 'व्हिस्ना' हे रोग शिरले. त्यांचा अभ्यास करताना ब्यॉर्न सिगुर्डसन यांनी १९५४ साली 'मंदगती संसर्ग' ही कल्पना मांडली. एचआयव्हीचा शोध त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९८३ साली लागला.

बालरोगतज्ज्ञाने गुरांच्या रोगावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण माझ्या बाह्यरुग्ण विभागातील एक माता आहे. ती स्वतः एचआयव्हीबाधित होती, औषधे नियमित घेत होती. वर्षभराच्या बाळाच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या होत्या. अंगावरचे दूध थांबवून वरचे दूध सुरू करा, असे मी सांगितले, तेव्हा ती घाबरून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गाईलासुद्धा एड्स होतो म्हणे. मग ते दूध बाळाला कसं देऊ?" जे बाळ तिने एवढ्या कष्टाने सुरक्षित ठेवले होते, त्याच्याविषयीची ही धास्ती होती. तिला नुसते "काही होत नाही" असे सांगून परत पाठवणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून मी हा विषय मुळापासून वाचून काढला.

तिच्या ऐकण्यात आले होते त्याला आधार नव्हता असे नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९६९ साली 'आर-२९' या क्रमांकाच्या, आठ वर्षांच्या एका होल्स्टीन गाईपासून एक विषाणू वेगळा करण्यात आला. गाय अशक्त व कृश झाली होती आणि तिच्या रक्तातील लसिकापेशी सतत वाढलेल्या होत्या. संशोधक गुरांच्या रक्तकर्काचा विषाणू शोधत होते. हाती लागला तो वेगळाच. एचआयव्हीचा शोध लागल्यावर या विस्मृतीत गेलेल्या विषाणूचा पुन्हा अभ्यास झाला आणि १९८७ साली तो एचआयव्हीचा नातेवाईक असल्याचे सिद्ध झाले. त्याला 'बीआयव्ही' म्हणतात. मात्र प्रयोगात त्याची लागण केलेल्या वासरांत लसिकापेशी काही काळ वाढतात, लसिकाग्रंथी किंचित सुजतात, आणि बहुधा तेवढ्यावरच भागते. एड्ससारखा सर्वनाश दिसत नाही.

याच बीआयव्हीचा अगदी जवळचा भाऊ इंडोनेशियातील बाली बेटावर मात्र काळ होऊन आला. डिसेंबर १९६४ मध्ये बालीच्या पश्चिमेकडील जेम्ब्राना जिल्ह्यात गुरे अचानक आजारी पडू लागली. ही बालीची देशी गुरे, 'बांतेंग' या रानटी बैलापासून माणसाळलेली. भातखाचरांची नांगरट त्यांच्याच खांद्यावर. बारा महिन्यांत बेटावरील अंदाजे तीन लाख जनावरांपैकी २६,००० दगावली. प्रथम बुळकांडीचा संशय घेतला गेला, पुढे गोचिडांमुळे पसरणाऱ्या जंतूंचा. कारण लेंटिव्हायरस आहे, हे कळायला १९९० चे दशक उजाडावे लागले.

या रोगाची गती पाहिली की 'मंद' हे विशेषण गळून पडते. लागण झाल्यापासून पाच ते बारा दिवसांत ताप ४० ते ४२ अंश सेल्सियसपर्यंत चढतो व आठवडाभर टिकतो. लसिकाग्रंथी मोठ्या होतात, पांढऱ्या पेशी घटतात, काहींना रक्ती हगवण लागते. तापाच्या शिखरावर एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या जनुकीय प्रतींची संख्या दहाच्या बाराव्या घातापर्यंत, म्हणजे एक लाख कोटीपर्यंत पोहोचते. बाधित जनावरांपैकी शेकडा सुमारे सतरा मरतात.

हे घडते कसे? सर्वच लेंटिव्हायरस आपल्या आरएनएची डीएनए प्रत बनवून ती यजमानाच्या पेशीच्या जनुकसंचयात घुसवतात. घरात शिरलेल्या चोराने सातबाऱ्यावरच नाव चढवावे, तसे हे आहे. पण कोणत्या पेशीत शिरायचे, हे प्रत्येकाचे निराळे. एचआयव्ही प्रामुख्याने सीडी-४ पेशींवर हल्ला करतो. जेम्ब्राना विषाणूचे मुख्य लक्ष्य प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी आहेत. त्यामुळे लसिकाग्रंथींतील बी-पेशींची केंद्रे सुकतात, विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे कित्येक आठवडे उशिरा उमटतात आणि त्या अवधीत संधिसाधू जंतूंना वाव मिळतो.

येथेच या रोगातील सर्वांत उद्बोधक भाग येतो. जी जनावरे तगतात ती पूर्ण बरी होतात आणि त्यांना हा रोग पुन्हा होत नाही. विषाणू अल्प प्रमाणात त्यांच्या शरीरात पुढे दोन वर्षेपर्यंत आढळतो, पण डोके वर काढत नाही. प्रतिपिंडे येण्याच्या आधीच विषाणूला आवर बसतो, यावरून टी-पेशींच्या लढ्याचे महत्त्व लक्षात यावे. शिवाय याच विषाणूने इतर जातींच्या गायी व म्हशी फारशा आजारी पडत नाहीत. म्हणजे रोग हा एकट्या विषाणूचा गुण नव्हे. तो विषाणू आणि यजमान यांच्यातील व्यवहार आहे.

या व्यवहारात तिसरा भागीदार माणूस. तापातील जनावराच्या लाळेतून, चावऱ्या माशांमुळे हा रोग पसरतो. तसेच घटसर्पाच्या सामूहिक लसीकरणात एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यानेही तो पसरत असावा, असे मानले जाते. मराठीत मुलांच्या डिप्थेरियालाही घटसर्प म्हणतात आणि गुरांच्या गळसुजीच्या रोगालाही. सुईचा नियमही दोघांना एकच आहे. बाधित गुरांच्या प्लीहेपासून तयार केलेली निष्क्रिय लस बालीत वापरली गेली. ती संसर्ग पूर्णपणे रोखत नाही, पण आजाराची तीव्रता कमी करते. एचआयव्हीची लस अद्याप हाती नसताना एवढेही यश अभ्यासण्याजोगे आहे.

आमच्या माळव्यापुरते सांगायचे, तर भारतीय गुरांतही बीआयव्हीच्या संसर्गाचा पुरावा भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेतील संशोधकांना मिळाला आहे. त्याने घाबरण्याचे कारण नाही. बीआयव्हीमुळे माणसाला रोग झाल्याचा पुरावा नाही. प्रयोगशाळेत अपघाताने त्याच्या संपर्कात आलेल्यांतही संसर्ग आढळला नाही. आणि एचआयव्ही गाईच्या शरीरात वाढत नाही.

त्या मातेला मी हेच सोप्या शब्दांत सांगितले आणि वर एक पथ्यही सांगितले, "ताई, दूध चांगलं उकळूनच द्या. गाईच्या एड्सची भीती नाही, पण कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू खरोखर येतात." ज्याची भीती वाटते तो धोका आणि जो प्रत्यक्ष असतो तो धोका, यांतील अंतर रुग्णाला समजावून सांगणे हेही उपचारच. त्यासाठी आपल्या शाखेच्या कुंपणापलीकडे, गोठ्यापर्यंत डोकावण्याची तयारी हवी. आपल्या मंडळाच्या एखाद्या सभेत गावातील पशुवैद्यकांनाही व्याख्यानासाठी सन्मानाने पाचारण करावे, अशी माझी सदस्यांना विनंती आहे.